चितारीमामाची खिंड

चितारीमामा डोंगर रंगवण्याआधी तो चाखून बघत असे. ज्या डोंगराचं चित्र काढायचं त्या डोंगरावर तो स्वतः जायचा. माथ्यावरची, कड्याखालची, ओढ्याकाठची माती वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून आणायचा आणि घरी आल्यावर एकेक चिमूट जिभेवर ठेवून डोळे मिटायचा. मग थुंकायचा आणि निकाल द्यायचा, "ही चिकट हाय, हिला डिंक कमी घाल. ही खारट, दोनदा धुतल्याबिगर हिला हात लावायचा न्हाई." कोणत्या मातीचा रंग वाळल्यावर कसा उतरेल हे त्याला जिभेवरून कळत असे. बाजारातला रंग त्याने डोंगरासाठी कधी वापरला नाही. डोंगराला डोंगराचीच माती, हा त्याचा कायदा होता, आणि या कायद्यात निजामसरकारलाही सवलत नव्हती.

त्याचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण ते कोणी वापरत नसे. चितारी हा त्याचा धंदा आणि मामा हे साऱ्या बीडने जोडलेलं नातं. देवळाच्या भिंती, लग्नघराचे दरवाजे, गणपतीमागचा देखावा, जे रंगवायचं ते मामा रंगवायचा आणि रंगवताना अखंड शिव्या द्यायचा. कुंचल्याचा केस निघाला की कुंचल्याला, भिंत ओली निघाली की गवंड्याला, ढग आला की आभाळाला. एका मारुतीच्या देवळात तो द्रोणागिरी काढत होता. पुजारी म्हणाला, "मामा, हिरवा द्या की. संजीवनीचा डोंगर आहे." मामाने कुंचला खाली ठेवला. "तू बगितलायस का बे तो डोंगर? म्याबी न्हाई बगितला. मंग मी आपला कपिलधारचा कडा काढतो. मारुतीला चालतंय, तुला कावून चालत न्हाई?" त्या मारुतीच्या तळहातावर बीडजवळच्या कपिलधार धबधब्याचा काळा कडा आहे, पाण्याच्या पांढऱ्या रेघेसकट.

या माणसाबद्दल मी आज लिहितो आहे ते आठवणींचा उमाळा आला म्हणून नाही. मला राग आला आहे म्हणून. परवा गेवराईला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारचे गृहस्थ माझ्याच वयाचे, जुन्या काळाचं कौतुक सांगायला लागले. म्हणाले, "अहो, तुम्ही तर देशमुखांकडेच होता ना? काय तो आगगाडीचा देखावा! काय ते हिरवेगार डोंगर! त्या चितारीच्या हातात जादू होती." मी अर्ध्या पानावरून उठलो. वधूपक्षाला वाटलं, जेवणात काही कमी पडलं. ते हिरवे डोंगर मामाचे नव्हते. ते ज्याच्यामुळे हिरवे झाले तो माणूस त्यांच्या शेजारी बसून जिलेबी खात होता. तो मी.

तेव्हा निजामाचा अंमल होता आणि मी एका देशमुखांकडे मुन्शी होतो. त्यांचं नाव घेत नाही. त्यांची नातवंडं माझ्याशी चांगली वागतात. उर्दू मला मदरशात शिकवली होती आणि हैदराबादेत काढलेल्या दोन वर्षांत थोडंफार इंग्रजी आलं होतं. जिल्ह्यात इंग्रजी बोलणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, त्यामुळे वयाच्या पंचविशीत माझ्या मिशीला भलतीच अक्कड आली होती. सगळे मला मुन्शीजी म्हणत. मामा म्हणायचा, "काय बे मुन्शा, कचेरी सुटली का पळून आलास?"

देशमुखांनी मुंबईहून एक चावीची आगगाडी मागवली होती. पत्र्याचं इंजिन, चार डबे आणि एकमेकांत अडकवायचे रूळ. चावी दिली की गाडी कुरकुरत फिरायची. खोक्याच्या झाकणावर चित्र होतं, पांढऱ्या शिखरांचे आणि टोकदार हिरव्या झाडांचे डोंगर, त्यांच्यामधून धूर सोडत चाललेली गाडी. त्याच सुमारास बातमी आली की रेल्वेचा एक गोरा साहेब तीन दिवसांच्या मुक्कामाला येतो आहे. जालन्याकडून निघून गेवराईवरून बीडला आणि तिथून बालाघाट चढून वर रेल्वे नेता येईल का, हे त्याला पाहायचं होतं. देशमुखांचा सरकी काढायचा कारखाना, आम्ही त्याला नुसतं जीन म्हणायचो, मोठ्या घाटाच्या पायथ्याशी होता. तिथे स्टेशन झालं तर देशमुखांचा कापूस कुठल्या कुठे गेला असता. त्यांच्या डोक्यात आलं की गोदावरीपासून डोंगरावरच्या नेकनूरपर्यंतचा सारा मुलूख दिवाणखान्यात फळ्यांवर मांडायचा, त्यातून ती आगगाडी फिरवायची, जिनापाशी छोटं स्टेशन करायचं आणि साहेबाला भुलवायचं. डोंगर करायला आणि रंगवायला मामाला बोलावणं गेलं.

मामाने काम घेतलं ते एका अटीवर. "आदी डोंगर फिरीन, मंग डोंगर करीन." देशमुख म्हणाले, साहेब महिन्याभरात येतो आहे. मामा म्हणाला, "मंग आजच निगतो." पंधरा दिवस तो बालाघाटाच्या कडेकडेने पायी फिरला. अंतरं टिपायला म्हणून मलाही दोनतीनदा बरोबर पाठवलं गेलं. मी छत्री घेऊन, तो डोक्याला फडकं गुंडाळून. एका टेकाडावर त्याने खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि माझ्यापुढे धरली. "चाख." मी तोंड वाकडं केलं. "चाख बे. ज्या मुलखाचे कागद लिव्हतोस त्याची माती तर चाख." मी चाखली. ती कडवट होती आणि दिवसभर दातांत कचकचत राहिली. मामा मात्र माझ्या तोंडाकडे बघून पोट धरून हसला. त्याला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

दिवाणखान्यात काम सुरू झालं. सुताराने फळ्या मांडल्या, त्यावर बांबूच्या कामट्यांचे सांगाडे, वर गोणपाट, गोणपाटावर कागदाचा लगदा. लगद्यात मामा मेथीचं पीठ आणि डिंक घालायचा, कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा काढा. कागद कुठून आणायचा? कचेरीच्या माळ्यावर रयतेचे जुने अर्ज पडले होते, गठ्ठेच्या गठ्ठे. विहीर द्या, सारा माफ करा, बांध सरकवला त्याचा न्याय करा. कोणी त्या गठ्ठ्यांच्या गाठी कधी सोडल्यासुद्धा नव्हत्या. देशमुख म्हणाले, घ्या ते. मामाने एक गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि मला म्हणाला, "एवढ्या लोकायनं अर्ज केलते का बे? पुरा बालाघाट व्हईल ह्याच्यात." आणि झाला. मी स्वतः लावलेले आवकेचे शिक्के त्या लगद्यात निळे डाग होऊन विरघळताना पाहिले आहेत.

रंग देताना मामाला बघावं. कड्यांना काळा, पण नुसता काजळीचा काळा नाही. काळ्या दगडाची पूड, तीत ओढ्यातली राखेच्या रंगाची माती. दोन कड्यांच्या मध्ये तो एक बारीक तांबडा पट्टा ओढायचा, कारण डोंगरात तो तसाच आहे, मीच इतकी वर्षं पाहिला नव्हता. उतारावर मुरमाचा पिवळा, आणि त्यावर वाळलेलं कुसळी गवत बारीक कातरून, चाळून, ओल्या डिंकावर फुंकरीने बसवायचा. लांबच्या रांगांना रंग पातळ करत न्यायचा, शेवटची रांग जवळजवळ पाण्यानेच काढलेली. गुडघ्यावर बसून, डोळा फळीच्या पातळीला आणून तो बघायचा आणि पुटपुटायचा, "अजून जवळच दिसायलीस, सटवे. सरक मागं." डोंगराची रांग मागे सरके. मी सरकताना पाहिली आहे.

देशमुखांना हे पसंत नव्हतं. ते रोज खोक्याचं झाकण हातात घेऊन येत आणि विचारत, हिरवा कुठे आहे? मुंबईहून हिरव्या तेलरंगाचा डबाही त्यांनी आणवला होता. मामा म्हणाला, "मार्गशीर्ष चाललाय, मालक. ह्या वक्ताला कोन्चा डोंगर हिरवा असतोय? सायेब खिडकीतनं भाईर बगंल आन् म्हनंल, हे येगळंच हाय." देशमुखांनी डबा तिथेच कोपऱ्यात ठेवून दिला.

आता खिंडीचं सांगतो. फिरता फिरता एक दिवस मामा मला मोठ्या घाटापासून सहा कोस बाजूला घेऊन गेला. गवतातून पायवाट होती, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये मोकळी जागा. आम्ही बोलत चाललो होतो. एके ठिकाणी मामा थांबला आणि म्हणाला, "मागं वळून बग." मी वळलो. बीडची वस्ती खाली दूर दिसत होती. आम्ही डोंगरावर आलो होतो आणि मला धापसुद्धा लागली नव्हती. "चढ लागला का बे?" मी म्हणालो, "नाही." तेव्हा तो एका दगडावर बसला आणि आपल्या बायकोबद्दल पहिल्यांदा बोलला. तो मूळचा वरच्या अंगाचा, नेकनूरकडचा. बायकोच्या पोटात गोळा उठला, हकीम म्हणाला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या. जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. मोठ्या घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीचा आख मोडला. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि ती आली तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं. ही खिंड त्याला वर्षभराने एका लमाणाने दाखवली. त्यांचे बैल पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या गोण्या लादून इथूनच जात. "हितनं डोलीत घालून नेली आस्ती तर दिस मावळायच्या आत बीडात पोचलो आस्तो," मामा म्हणाला. "पन मला ठावं न्हवती. डोंगराच्या कुशीत जल्मलो आन् डोंगराची खिंड मला ठावं न्हवती!"

मग तो उठला आणि त्याने मला हाताने सारं दाखवलं. रेल्वे इथून येईल, इथे वळेल, तिथे वर निघेल. "सायबाला तीन दिस हायत. त्यो सारा डोंगर फिरनार हाय का? न्हाई. जे दिसंल तिकडं घोडं वळवंल. माज्या डोंगरात त्याला खिंड दिसंल आन् त्यो हिकडं यील. बास. एवडंच काम हाय माजं." म्हणून त्याने ते काम घेतलं होतं. देशमुखांच्या शाबासकीसाठी नाही आणि आगगाडीच्या कौतुकासाठी तर नाहीच. ते इंजिन तो बोटाने बाजूला सारायचा. मी त्याला म्हणालो, "मामा, खिंड नीट दिसेल अशी काढा." तो म्हणाला, "जशी हाय तशी काडीन. तेवड्यानं दिसंल."

साहेब यायच्या चार दिवस आधी देशमुख काम बघायला आले. काठीचं टोक त्यांनी त्या खिंडीत घातलं. "हे काय?" मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, लमाणांची वाट, सोपा चढ, कड्याचा अडथळा नाही. माझ्या बोलण्याने त्यांचा चेहरा उतरत गेला तरी मला कळलं नाही. शिकलेला गाढव होतो मी. ते म्हणाले, "रेल्वे इथून गेली तर माझा जीन सहा कोस बाजूला पडेल. बुजवा हे." मामा कुंचला धुत होता. तो म्हणाला, "मालक, ती डोंगरात हाय. फळीवर बुजवून डोंगरातली बुजंल व्हय?" देशमुख म्हणाले, "तुमचं काम झालं. या आता." मामा एकाही शिवीशिवाय सामान आवरून बाहेर आला. अंगणात मला म्हणाला, "उतरंल त्यायचा राग. वरच्या कड्याची माती कमी पडलीया, ती घिऊन येतो मी. दिवानखान्याची चावी तुज्यापाशी हाय ना बे? तवर कुनाचा हात लागू दिऊ नगं." मी म्हणालो, "नाही लागू देणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुखांनी नुसता हात पुढे केला. "चावी." मी दिली. मला धमकी दिली नाही, लालूच दाखवली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. इतकं स्वस्त होतं ते. भिंतींना चुना देणारा एक गडी आणला. त्याने खिंडीत गोणपाट कोंबलं, वर लगदा थापला आणि मग तो हिरवा डबा फोडून मामाच्या साऱ्या डोंगरांवरून ब्रश फिरवला. काळे कडे, तांबडा पट्टा, पिवळा मुरूम, फुंकरीने बसवलेलं गवत, सगळ्यावर एकच पोपटासारखा हिरवा. मी दारात उभा होतो. उभा होतो एवढंच असतं तरी एक वेळ ठीक होतं. मी त्या गड्याला म्हणालो, "तिथे कोपऱ्यात थोडं राहिलंय."

साहेब आला. तरुण होता, हसतमुख होता, विलायतेहून येऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच्याबरोबरचा कारकून मद्रासकडचा. त्याला मराठी ओ की ठो कळत नव्हतं आणि आपली दखनीही कळत नव्हती. त्यामुळे देशमुखांचं साहेबाला आणि साहेबाचं देशमुखांना सांगायला मी एकटाच. देशमुखांचा अंदाज खरा ठरला. गाडीला चावी दिली आणि साहेब लहान पोरासारखा वाकून बघायला लागला. हिरव्या डोंगरांच्या पायथ्याने गाडी फिरली, जिनापाशी थांबली. साहेबाने टाळ्या वाजवल्या. डोंगरावर चढायला वाट दिसत होती ती एकच, मोठ्या घाटाची. साहेबाने तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, उद्या इथे जाऊ.

त्याच वेळी दारात मामा उभा राहिला. पायाला धूळ, खांद्यावर मातीचं गाठोडं. फळीवरचा तो हिरवा चिखल त्याने पाहिला. मला वाटलं आता हा आम्हा सगळ्यांच्या आयाबहिणींचा उद्धार करतो. पण त्याची नजर सगळ्या हिरव्यावरून फिरत फिरत एका जागी थांबली आणि तो किंचाळला, "खिंड कुटं गेली? कावून बुजवली?" गडी त्याला धरायला धावले. त्यांना ढकलून तो थेट साहेबापुढे आला, गाठोडं सोडलं आणि बुजवलेल्या जागेवर बोट आपटायला लागला. "सायेब, हितं खिंड हाय! लई सोपी वाट हाय! भरल्या गोन्यायचे बैल जातेत हितनं. उंद्या माज्यासंगं चला, घोड्यावरनं उतरायचं काम न्हाई. सायेब, ही खोटी हाय, ही फळी खोटी हाय!"

साहेब घाबरला नाही. उलट त्याच्या डोळ्यांत कुतूहल होतं. तो माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, हा काय म्हणतो आहे?

गाडीची चावी संपून ती मध्येच उभी होती. देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मामानेही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांग बे मुन्शा. सांग त्याला, तू सोता चालून आलायस तितनं."

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं की हा इथला रंगारी आहे, डोंगर यानेच रंगवले आहेत आणि हा बक्षीस मागतो आहे.

साहेब खळाळून हसला. त्याने खिशातून एक रुपया काढला, मामाच्या मातीने भरलेल्या हातावर ठेवला, त्याची मूठ मिटवली आणि पाठ थोपटली. माझ्या सबंध इंग्रजी वाक्यातला एकच शब्द मामाला कळला होता, 'बक्षीस'. तेवढा पुरे होता. त्याने मूठ उघडून रुपयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. मामाने तो रुपया फळीवर, बुजवलेल्या खिंडीच्या जागी ठेवला आणि तो निघून गेला. देशमुख साहेबाला म्हणाले, फार स्वाभिमानी कलावंत आहे. मी तेही भाषांतर करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाला मोठ्या घाटाने नेलं. दुपारपर्यंत तो घामाघूम झाला, त्याचं घोडं दोनदा घसरलं. दुर्बिणीतून त्याने कडे पाहिले, कागदावर आकडे मांडले आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, या डोंगराला वाट नाही हो, वाईट वाटतं. मी मान डोलावली. देशमुखांना जिनापाशी स्टेशन मिळालं नाही, आणि त्याचा दोष त्यांनी साहेबाला दिला, निजामाला दिला, बीडच्या नशिबाला दिला. इतकं करून ज्याच्यासाठी केलं त्यालाही काही मिळू नये, याचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही. पुढे दसऱ्याला तो देखावा लोकांसाठी खुला केला. बायकांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं. लोक हिरवे डोंगर बघून घरी गेले, आणि जाताना त्याच घाटात बैलगाड्यांचे आख मोडून घेत राहिले. निजाम गेला, देशमुखी गेली, मी म्हातारा झालो. बीडला आगगाडी नाही.

मामाने बीड सोडलं आणि तो नेकनूरकडे आपल्या गावी जाऊन राहिला. तो तिथेच वारला. मला ते सहा महिन्यांनी कळलं, आणि उशिरा कळलं याबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं. पण त्याआधी एकदा मी त्याला भेटलो होतो. साहेब येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं. छातीवरचं ओझं सहन होईना तेव्हा मी देशमुखांकडे खोटं कारण सांगून निघालो आणि खिंडीने चालत त्याच्या गावी गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. खरं सांगायचं तर मला काही बोलायचंच नव्हतं. मला त्याच्याकडून शिव्या खायच्या होत्या. पोटभर, सगळ्या गावासमोर.

तो अंगणात बसून माती चाळत होता. मला पाहिलं आणि उठून उभा राहिला. बाजेवरची घोंगडी झटकली. "या, मुन्शीसायेब. बसा." मी म्हणालो, "मामा, अहो मी आहे." तो म्हणाला, "व्हय की. तुमीच. उन्हाचं आलाव, पानी घ्या." पितळेच्या तांब्यातून त्याने पाणी दिलं आणि स्वतः जमिनीवर बसला. मी बाजेवरून खाली उतरायला लागलो तर म्हणाला, "नगं नगं, वरच बसा. कपडे खराब व्हतील." मी रडलो. मी म्हणालो, मी तुमचा घात केला, मला माहीत होतं, माझ्या जिभेवर खरं होतं आणि मी ते गिळलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवत, जसा एखादा माणूस कचेरीत हुकूम ऐकतो तसं. "मामा, शिव्या द्या मला," मी म्हणालो. "पाया पडतो, पण द्या."

मामा म्हणाला, "आसं कसं? मोट्या मानसाला शिव्या देत न्हाईत, सायेब."

मी निघालो तेव्हा तो मला पोचवायला आला. शेजारून नाही, मागून. दोन पावलं अंतर ठेवून, हात पुढे बांधून, गावकामगार जसा अंमलदाराच्या मागून चालतो तसा. मी हळू झालो की तो हळू व्हायचा. मी थांबलो की तो थांबायचा. वेशीपर्यंत मी दहा वेळा थांबलो असेन, एकदा तरी तो पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात मारेल म्हणून. तो आला नाही.